हाडातलं औषध : सुरुवात सोपी, शेवट अवघड

मागच्या आठवड्यात आपण बायोफिल्म समजून घेतली. जंतू एखाद्या पृष्ठभागाला चिकटतात, स्वतःभोवती बुळबुळीत आवरण तयार करतात आणि त्याच्या आड गेले की औषधाला शेकडो पट चिवट होतात, इथवर आपण आलो होतो. या जंतूंना सगळ्यात पक्का आसरा मिळतो तो हाडात. आज तिथे जाऊ.

दुचाकीच्या अपघातात नडगीचं हाड मोडतं. नडगीची पुढची कड कातडीच्या लगेच खाली असते, मध्ये मांसाचा थर जवळजवळ नसतोच. त्यामुळे हे हाड मोडलं की पुष्कळदा कातडी फाडून बाहेर येतं आणि रस्त्यावरची माती, तेल, कपड्याचे धागे असं सगळं जखमेत शिरतं. शस्त्रक्रिया होते, रॉड किंवा प्लेट बसते, टाके निघतात. काही महिन्यांनी त्याच जागी एक बारीक तोंड पडतं आणि त्यातून थोडा थोडा पू येऊ लागतो. गोळ्या घेतल्या की तोंड मिटतं, गोळ्या थांबल्या की पुन्हा वाहतं. डॉक्टर याला ऑस्टिओमायलायटिस म्हणतात. बहुतेक वेळा त्यामागे स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू असतो. कित्येक निरोगी माणसांच्या नाकात तो एरवी काही त्रास न देता राहत असतो.

गोळ्यांनी तो मरत का नाही? हाड हा कठीण, बंदिस्त अवयव. आत संसर्ग झाला, सूज आली, तर ती पसरायला जागा नसते. आतला दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात आणि हाडाचा एखादा तुकडा मरतो. या मेलेल्या तुकड्याला सेक्वेस्ट्रम म्हणतात. तिथे रक्त पोचत नाही, म्हणजे रक्तातून येणारं औषधही पोचत नाही. जंतू मात्र तिथेच ठाण मांडून असतात. अमेरिकेतील रॉचेस्टरच्या संशोधकांनी 2017 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. स्टॅफिलोकोकसचा गोल जंतू साधारण एक मायक्रॉन जाडीचा असतो. तो आकार बदलून हाडातल्या अर्ध्या मायक्रॉनहूनही अरुंद सूक्ष्म नळ्यांमध्ये घुसतो.

अशा जंतूंना मारायचं तर औषधाचं प्रमाण नेहमीपेक्षा कितीतरी जास्त लागतं. मोकळा तरंगणारा, औषधाला दाद देणारा स्टॅफिलोकोकस रोखायला जेंटामायसिन हे प्रतिजैविक मिलिलिटरला एक मायक्रोग्रॅमच्या आसपास पुरतं. बायोफिल्ममधल्या जंतूला त्याच्या शेकडो पट, कधी हजार पट लागतं. तेवढं जेंटामायसिन रक्तात सोडलं तर मूत्रपिंडं निकामी होतील आणि कानही जातील. म्हणून वर्षानुवर्षं प्रथा राहिली ती सहा आठवडे शिरेतून इंजेक्शन देण्याची. 2019 मध्ये ब्रिटनमधल्या ओव्हिवा या चाचणीत 1,054 रुग्णांवर दिसून आलं, की पहिल्या सहा आठवड्यांत शिरेतल्या औषधाऐवजी योग्य गोळ्या दिल्या तरी निकाल तितकाच चांगला येतो. रुग्णांची मोठी सोय झाली. पण मेलेल्या हाडापर्यंत रक्त पोचत नाही, ही मूळ अडचण गोळीनेही सुटत नाही आणि इंजेक्शननेही नाही.

मग औषध थेट हाडातच ठेवलं तर? ही कल्पना प्रतिजैविकांहून जुनी आहे. 1892 मध्ये ड्रेसमान या जर्मन शल्यचिकित्सकाने हाडातल्या पोकळ्या प्लॅस्टर ऑफ पॅरिसने भरल्याची नोंद आहे. प्लॅस्टर कालवताना त्यांनी पाण्यात कार्बोलिक आम्ल घातलं होतं. तेव्हा जंतू मारायला ते वापरलं जाई.

आधुनिक वळण आलं 1970 मध्ये, हॅम्बुर्गला. कृत्रिम सांधे हाडात घट्ट बसवण्यासाठी पीएमएमए नावाचं प्लॅस्टिक वापरतात. त्यालाच बोन सिमेंट म्हणतात. बुखहोल्त्स आणि एंगेलब्रेख्ट यांनी त्यात जेंटामायसिन मिसळलं आणि औषध सिमेंटमधून हळूहळू बाहेर येतं असं दाखवलं. पुढे फ्रँकफुर्टच्या क्लेम यांनी त्याच सिमेंटचे मणी करून ते तारेत ओवले. संसर्ग झालेलं हाड खरवडून साफ करायचं आणि मोकळ्या झालेल्या पोकळीत ही माळ ठेवायची. एक मणी सात मिलिमीटरचा, त्यात साडेसात मिलिग्रॅम जेंटामायसिन सल्फेट. आजूबाजूच्या स्रावात औषधाचं प्रमाण प्रचंड वाढतं आणि रक्तात मात्र जेमतेम सापडतं. असंख्य लोकांचे पाय या मण्यांनी वाचवले आहेत. आपल्याकडेही कित्येक ऑपरेशन थिएटरांत सिमेंटच्या पुड्यात व्हँकोमायसिनची भुकटी मिसळून सर्जन असे मणी हाताने वळतात.

पण पीएमएमएच्या तीन अडचणी आहेत. एक, घट्ट होताना ते इतकं तापतं की उष्णतेने नासणारी औषधं त्यात घालताच येत नाहीत. दोन, ते शरीरात विरत नाही. मणी काढायला बहुधा दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते आणि पोकळी पुन्हा रिकामीच राहते. तिसरी अडचण सगळ्यात गंभीर आहे आणि तिच्याकडे सर्वांत उशिरा लक्ष गेलं. सिमेंटमधून बाहेर पडतं ते पृष्ठभागालगतचं औषध. ते पहिल्या काही दिवसांत भरभर निघून जातं. बाकीचं, बहुतेक मोजमापांत नव्वद टक्क्यांहून जास्त, आत अडकून राहतं आणि महिनोन् महिने अगदी थोडं थोडं झिरपतं. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या संशोधकांनी 2003 मध्ये एका रुग्णाच्या शरीरातून काढलेल्या मण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ते मणी पाच वर्षं आत राहिले होते आणि तरीही त्यांतून जेंटामायसिन येत होतं. त्याच मण्यांवर जेंटामायसिनला दाद न देणारे स्टॅफिलोकोकस वाढलेले आढळले.

जंतू मरणार नाहीत एवढ्या कमी प्रमाणात औषध मिळत राहिलं तर ते त्याला सरावतात, असा इशारा अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 च्या नोबेल व्याख्यानातच दिला होता. तो पेनिसिलिनबद्दल होता. पण हाडात पाच वर्षं झिरपणारा मणी नेमकं तेच करतो. म्हणून या विषयावर वाचताना ‘औषध किती दिवस पुरलं’ याच्या जोडीला ‘ते संपलं कसं’ हेही मी दरवेळी पाहते. औषध भरपूर असेपर्यंत भरपूर असावं, आणि संपताना झटकन संपावं. सुरुवात सगळ्यांना जमते, हा शेवट साधणं कठीण आहे. सिरॅमिक आणि पॉलिमर एकत्र आणून बनवलेल्या पदार्थाचं महत्त्व मला इथे दिसतं.

तो पदार्थ समजायला आपलं हाडच पाहू. कोंबडीच्या पायाचं हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवा. ते रबरासारखं वाकायला लागेल, कारण आम्लाने त्यातलं खनिज विरघळून जातं आणि कोलॅजन हे प्रथिन तेवढं उरतं. उलट हाड भट्टीत जाळलं तर प्रथिन जळून खनिज राहतं. ते पांढरं असतं आणि बोटाने चुरा होईल इतकं ठिसूळ. जिवंत हाडात दोन्ही एकत्र असतात, आणि कुडाच्या भिंतीत कारवीच्या काड्या व माती जशा एकमेकांना धरून उभ्या राहतात, तशी ती एकमेकांना धरून असतात. हे खनिज म्हणजे हायड्रॉक्सिअपॅटाइट, कॅल्शियम आणि फॉस्फेटचं संयुग. त्याचे स्फटिक काही दहा नॅनोमीटर लांब आणि दोन-चार नॅनोमीटर जाड असतात. खनिज म्हणजे सिरॅमिक, कोलॅजन म्हणजे पॉलिमर आणि स्फटिकांचं माप नॅनोमीटरमध्ये. याचा अर्थ सिरॅमिक-पॉलिमर नॅनोकंपोझिट आपल्या प्रत्येकाच्या अंगात आधीपासून आहे. प्रयोगशाळेत त्याचीच नक्कल करायची, आत औषध भरायचं आणि हाड भरून येईल तसा तो पदार्थ विरून जावा अशी सोय करायची, एवढाच हा बेत.

पॉलिमर म्हणून सर्वांत जास्त वापर होतो तो पीएलजीएचा. शस्त्रक्रियेनंतर आपोआप विरघळणारे टाके याच घराण्यातले. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक या दोन आम्लांचे रेणू जोडून ही साखळी बनते. शरीरातलं पाणी ती हळूहळू तोडतं आणि सुटलेली आम्लं शरीर पचवून टाकतं. दोन्ही आम्लं समप्रमाणात असतील तर ती साधारण एक-दोन महिन्यांत विरते. लॅक्टिकचा वाटा 85 टक्क्यांवर नेला तर पाच-सहा महिने टिकते. म्हणजे औषध किती दिवस पुरवायचं ते साखळी बनवतानाच ठरवता येतं. याशिवाय चिटोसान, जिलेटिन, पॉलिकॅप्रोलॅक्टोन हेही वापरतात, पण तत्त्व कळायला पीएलजीए पुरेसं आहे.

नुसतं पीएलजीए मात्र दगा देतं. साखळी तुटताना सुटणारं आम्ल गोळ्याच्या मध्यभागी साठतं, ते साखळी आणखी वेगाने तोडतं आणि गोळा आतून पोखरला जातो. मग एके दिवशी आम्ल आणि उरलेलं औषध एकदमच बाहेर पडतं आणि आधीच दुखावलेलं हाड त्याने आणखी चिडतं. नुसत्या सिरॅमिकचं रडगाणं वेगळं. हायड्रॉक्सिअपॅटाइटच्या भोकांत औषध भरलं तर ते फक्त पृष्ठभागाला चिकटलेलं असतं आणि दिवस-दोन दिवसांत बरंचसं धुऊन जातं. वर तो पदार्थ ठिसूळ, आणि विरायला वर्षं घेतो. त्याचाच चुलत भाऊ, बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, जरा लवकर विरतो म्हणून पुष्कळदा दोघांचं मिश्रण घेतात.

दोन्ही एकत्र आले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. कॅल्शियम फॉस्फेट आम्लात थोडं थोडं विरघळतं आणि विरघळताना आम्लाचा जोर मोडतं, त्यामुळे पीएलजीए आतून पोखरलं जात नाही. सुटलेलं कॅल्शियम आणि फॉस्फेट नव्या हाडाच्या कामी येतं. पॉलिमरचं आवरण असल्याने सिरॅमिकवरचं औषध एकदम धुऊन जात नाही.

यात नॅनो मापाचं काम काय, असं विचारलं जातं. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. त्याचेच दहा नॅनोमीटर बाजूचे घन केले तर एकूण पृष्ठभाग सहाशे चौरस मीटर होतो, म्हणजे जवळजवळ साडेसहा हजार चौरस फूट. औषध चिकटून बसतं ते पृष्ठभागावर, म्हणून मूठभर भुकटीत केवढंतरी औषध मावतं. शिवाय इतके बारीक कण पॉलिमरमध्ये सगळीकडे सारखे पसरले की बाहेर निघालेल्या औषधाच्या रेणूला त्यांना वळसे घालत यावं लागतं. मात्र कण जेवढे बारीक तेवढे एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात, आणि गुठळ्या झाल्या की हा सगळा फायदा गेला. कंपोझिट बनवणाऱ्यांचा निम्मा वेळ या गुठळ्या टाळण्यात जातो.

कोणतं औषध घ्यायचं हेही कणाच्या स्वभावावर ठरतं. जेंटामायसिनवर धन विद्युतभार असतो, ते फॉस्फेटकडे ओढलं जातं. टेट्रासायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन कॅल्शियमला पकडतात. लहान मुलांना टेट्रासायक्लिन देत नाहीत ते याच कारणाने, ते दातांतल्या कॅल्शियमशी बांधलं जाऊन दात कायमचे पिवळे-तपकिरी पडतात. दातांना जे वाईट ते इथे उपयोगी. पण पकड फार घट्ट झाली तर औषध सुटतं ते जंतू मरणार नाहीत एवढंच, आणि आपण पुन्हा ग्रोनिंगेनच्या मण्यांपाशी येतो.

म्हणून अलीकडे औषध दोन दारांआड ठेवण्याकडे कल आहे. आधी ते सच्छिद्र कणांत भरायचं, मग ते कण पॉलिमरमध्ये रुतवायचे. मोबिल या तेल कंपनीच्या शास्त्रज्ञांनी 1992 मध्ये मधमाशांच्या पोळ्यासारखी सुबक, काही नॅनोमीटर रुंद छिद्रं असलेली सिलिका बनवली होती. तेलशुद्धीसाठी केलेल्या या पदार्थात औषध भरता येईल, हे माद्रिदच्या मारिया व्हालेत-रेखी यांच्या गटाने 2001 मध्ये आयबुप्रोफेन भरून दाखवलं. आता त्याच छिद्रांत प्रतिजैविकं भरली जातात. हॅलोसाइट नावाच्या चिकणमातीचे कण तर मुळातच नळीच्या आकाराचे असतात, आतली पोकळी साधारण पंधरा नॅनोमीटरची. त्यांतही जेंटामायसिन भरलं जातं.

आता एका मुद्द्यावर माझं मत स्पष्ट सांगते. या विषयावरच्या पुष्कळ शोधनिबंधांत पहिल्या दिवशी एकदम सुटणाऱ्या औषधाला दोष मानलं जातं आणि ते कमीत कमी कसं करता येईल याचीच धडपड दिसते. मला ते पटत नाही. 1987 मध्ये अमेरिकी अस्थिशल्यचिकित्सक ग्रिस्टिना यांनी मांडलं होतं, की शरीरात बसवलेल्या वस्तूच्या पृष्ठभागासाठी आपल्या पेशी आणि जंतू यांच्यात शर्यत असते, आणि आधी पोचेल त्याची ती जागा. ही शर्यत पहिल्या काही तासांतच सुरू होते. खरवडलेल्या हाडावर उरलेले जंतू अजून आवरणाआड गेलेले नसतात, तेव्हाच औषधाचा मोठा हप्ता तिथे हवा. तो वाजवीपेक्षा मोठा झाला तर हाड बांधणाऱ्या पेशींनाही इजा होते, ही काळजी खरी आहे. व्हँकोमायसिन त्या पेशींना जेंटामायसिनपेक्षा बरंच सोसतं. पण पहिला हप्ता नकोच म्हणणं चूक आहे. पहिल्या दिवशी खूप, नंतर काही आठवडे जंतूंना मारेल एवढं आणि मग बंद, असा आलेख हवा.

आलेख कशावरून काढला हेही पाहायला हवं. बहुतेक वेळा पदार्थाचा तुकडा 37 अंशांच्या क्षारयुक्त पाण्यात ठेवून, ठरावीक वेळाने पाणी बदलून, सुटलेलं औषध मोजतात. हाडाच्या पोकळीत पाणी थोडं, प्रथिनं भरपूर, आणि रक्ताचा ओघ कुठे जास्त कुठे नाहीच. परीक्षानळीतले तीस दिवस हाडात तीस दिवस असतीलच असं नाही. सुटलेलं औषध अजून जंतू मारतं की बनवताना नासलं, हे जंतू वाढवलेल्या थाळीवरच कळतं, आणि खरी परीक्षा संसर्ग झालेल्या प्राण्याच्या हाडात होते. या बाबतीत कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांचं आणि त्यांच्या पशुवैद्यक सहकाऱ्यांचं काम मला मोलाचं वाटतं. त्यांनी सच्छिद्र हायड्रॉक्सिअपॅटाइटच्या ठोकळ्यांत सेफ्ट्रिअॅक्सोन आणि सल्बॅक्टम भरून ते संसर्ग झालेल्या सशांच्या हाडांत बसवले आणि परीक्षानळीतल्या मोजणीला जिवंत हाडातल्या मोजणीची जोड दिली. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनेही हाड भरायचे सिरॅमिक पदार्थ विकसित केले आहेत. म्हणजे पाया आपल्याकडे तयार आहे.

मग हे नॅनोकंपोझिट रुग्णालयांत सर्रास का दिसत नाहीत? सर्वांत पुढे पोचलाय तो स्वीडनमधला सेरामेंट जी हा पदार्थ. त्यात साठ टक्के कॅल्शियम सल्फेट, म्हणजे ड्रेसमान यांचंच प्लॅस्टर, चाळीस टक्के हायड्रॉक्सिअपॅटाइट आणि जेंटामायसिन असतं. प्लॅस्टर विरताना औषध सोडतं, मागे उरलेल्या खनिजावर नवं हाड चढतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला 2022 मध्ये परवानगी दिली. पण त्यात पॉलिमर नाही. पॉलिमर आला की अडचणी वाढतात. शस्त्रक्रियेत वापरायची वस्तू निर्जंतुक करावीच लागते. वाफेने करावी तर पीएलजीए मऊ होऊन वाकतं आणि पाण्याने तुटतं. गॅमा किरणांची नेहमीची 25 किलोग्रेची मात्रा साखळ्या तोडते, आणि मग दोन महिने पुरायचं औषध आधीच सुटतं. प्रत्येक घाण्यात कणांचं माप, औषधाचं प्रमाण, विरण्याचा वेग सारखा यावा लागतो. कायद्याच्या नजरेत ही वस्तू औषधही असते आणि उपकरणही, त्यामुळे दोन्हींच्या कसोट्या लावाव्या लागतात. या कसोट्या हव्यातच. चुकलेला मणी पाच वर्षांनी काय करतो ते आपण पाहिलं आहे.

एवढं असूनही कुठलाही पदार्थ सर्जनच्या सुरीची जागा घेत नाही. मेलेलं हाड पूर्ण काढलं नाही तर उत्तमोत्तम कंपोझिटही फोल ठरतं. पोकळी साफ करणं आधी, भरणं नंतर.

दुसरी गोष्ट वाचकांच्या हातातली आहे. हाडात ठेवलेलं औषध त्या जंतूला चालणारं नसेल तर ते कितीही आठवडे पुरलं तरी व्यर्थ. जखम वाहतेय म्हणून दुकानातून आणलेल्या गोळ्या खाल्ल्या की हाडाच्या नमुन्यात जंतू उगवत नाही आणि सर्जनला अंदाजाने औषध निवडावं लागतं. जुन्या संसर्गात तर नमुना घेण्यापूर्वी डॉक्टर मुद्दाम काही दिवस प्रतिजैविक थांबवतात. तुमच्या घरात कोणाच्या मोडलेल्या हाडाची जखम पुन्हा वाहू लागली, तर स्वतःहून प्रतिजैविक सुरू करू नका. अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा आणि ‘हाडाचा नमुना कल्चरला पाठवणार का?’ हा प्रश्न जरूर विचारा.